आधी गाडी तोला, मग कॅरव्हॅन बघा: कुटुंबाच्या गाडीला पेलेल अशी जुनी, हलकी कॅरव्हॅन कशी निवडावी

सातारा, कराड, वाई भागात जुनी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायला निघालेल्या बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी कॅरव्हॅन बघून येतात. आतला छोटा ओटा, खिडकीचे पडदे, मुलांसाठी वरची फळी बघून मन बसतं आणि विसार दिला जातो. मग हूक बसवायला गॅरेजमध्ये गेल्यावर कळतं की आपली गाडी ही ओढायची नाही, किंवा सपाटीला ओढेल पण पसरणी घाटात दम टाकेल. विसार बुडू नये म्हणून लोक तरीही पुढे जातात, आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. कॅरव्हॅन प्रत्यक्ष बघण्याची वेळ सहाव्या टप्प्यावर येते. त्याआधीचं काम वजनकाट्यावर आणि कागदांत आहे.

## टप्पा १: गाडीचे चार आकडे लिहून काढा

एक वही घ्या आणि पहिल्या पानावर हे आकडे उतरवा.

१. मोकळ्या गाडीचं वजन. आरसी बुकावर असतं.

२. भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा. माणसं, सामान आणि हुकावर येणारा भार धरून गाडीने जास्तीत जास्त किती वजन सोसायचं, तो आकडा. आरसीवर नसेल तर गाडीच्या दारालगतच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत सापडतो.

३. ओढण्याची मर्यादा. हिचे दोन आकडे असतात: स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी वेगळा, बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगळा. बिनब्रेकचा आकडा बराच कमी असतो. लोक मोठा आकडा वाचतात आणि बिनब्रेकची कॅरव्हॅन आणतात.

४. हुकावरच्या उभ्या भाराची मर्यादा. कॅरव्हॅनची दांडी हुकावर जितकं वजन टेकवते, ते. पुस्तिकेत आणि हुकाच्या पट्टीवर हे दोन्ही आकडे बघा. त्यातला लहान आकडा तुमचा.

गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादाही काही पुस्तिकांत दिलेली असते. दिली असेल तर तीही लिहा.

इशारा: पुस्तिकेत ओढण्याचा आकडाच नसेल, किंवा 'या गाडीने ट्रेलर ओढू नये' असं लिहिलं असेल, तर विषय तिथेच संपला. 'इंजिन दमदार आहे, ओढेल' हे गॅरेजवाल्याचं म्हणणं इथे कामाचं नाही. प्रश्न इंजिनाचा कमी आणि ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स, मागचा एक्सल व हूक बसतो त्या सांगाड्याचा जास्त असतो.

गाडीची जातही बघा. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर यांना खाली शिडीसारखी वेगळी चेसिस आहे, तिला हुकाचा ताण घेणं सोपं जातं. अर्टिगासारखी गाडी एकसंध पत्र्याच्या सांगाड्याची आणि पुढच्या चाकांवर चालणारी. हुकावर भार आला की तिची पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकी तीच चाकं चढावर गाडी ओढत असतात. पावसाळ्यात ओल्या घाटरस्त्यावर अशी गाडी जागीच चाक फिरवते. माझा सल्ला स्पष्ट आहे: अशा गाडीच्या मागे कॅरव्हॅन लावू नका. तंबू घ्या, छान तंबू मिळतात.

## टप्पा २: कुटुंबासकट वजनकाट्यावर जा

हा टप्पा कोणीच करत नाही, आणि सगळे प्रश्न याच टप्प्यात सुटतात.

टाकी फुल्ल करा. प्रवासाला जाताना जे जे गाडीत असतं ते भरा: बॅगा, पाण्याचे कॅन, मुलांच्या सायकली, आजींची खुर्ची. घरातली सगळी माणसं बसवा आणि गाडी वजनकाट्यावर घ्या. आपल्याकडे उसामुळे काट्यांना तोटा नाही. गळीत हंगामात कारखान्याकडच्या काट्यावर ट्रॉल्यांची रांग असते, तेव्हा बाजार समितीजवळचा किंवा हायवेवरचा खासगी काटा गाठा. पावती घ्या आणि वहीला चिकटवा.

आता वजाबाकी करा. समजा मोकळी गाडी १७०० किलो आणि भरलेल्या गाडीची मर्यादा २३०० किलो आहे. सगळ्यांसकट काट्यावर २१६० भरले. म्हणजे उरले फक्त १४० किलो. हूक आणि त्याची लोखंडी पट्टी यांचे २०-२५ किलो धरा. हुकावर टेकायला राहिले जेमतेम ११५.

हा ११५ चा आकडा पुढे सगळं ठरवणार आहे. कॅरव्हॅन स्थिर चालायला तिच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हुकावर लागतो. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात. युरोपातल्या कॅरव्हॅन ५ ते ७ टक्क्यांवर चालतात, कारण त्यांची बांधणी आणि वजनाची मांडणी त्या हिशेबाने केलेली असते. जुनी, बनावटीची नीट माहिती नसलेली कॅरव्हॅन असेल तर १० टक्केच धरा.

आणखी एक गोष्ट. हूक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तिथला भार तरफेसारखा काम करतो. दोन एक्सलमधलं अंतर २.७ मीटर आणि मागच्या एक्सलपासून हूक १.२ मीटर मागे असेल, तर हुकावरच्या ८५ किलोमुळे मागच्या एक्सलवर सुमारे १२३ किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे सुमारे ३८ किलो उचलले जातात. मागे डिकीत अजून सामान कोंबलं की स्टिअरिंग हलकं लागायला लागतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

तपासणी: काट्यावर कुटुंबासकट गाडी मर्यादेच्या जवळ किंवा वर गेली? मग कॅरव्हॅनचा विचार दोन रस्त्यांनी होतो: गाडीतलं सामान कॅरव्हॅनमध्ये एक्सलवर हलवा, किंवा मोठ्या मर्यादेची गाडी येईपर्यंत थांबा. तिसरा रस्ता नाही.

## टप्पा ३: आपल्या घाटांसाठी वरची हद्द ठरवा

ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की भरलेली कॅरव्हॅन ही गाडीच्या मोकळ्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावी. तिथल्या रुंद, मंद चढाच्या रस्त्यांना ते ठीक आहे. आपल्याकडे वाईहून पाचगणीला पसरणी, साताऱ्याहून कासला यवतेश्वर, पाटणहून चिपळूणला कुंभार्ली असे घाट आहेत. वळणावर समोरून एसटी आली की थांबावं लागतं आणि पुन्हा चढावर उचलावं लागतं. मॅन्युअल गाडीचा क्लच तिथे जळतो, सरळ चढावर नाही. शिवाय सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर आणि महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर. टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावतं.

म्हणून माझी हद्द अशी: भरलेली कॅरव्हॅन गाडीच्या मोकळ्या वजनाच्या निम्मी. १७०० किलोच्या गाडीला ८५० किलो. पुस्तिकेतली मर्यादा याहून कमी असेल तर ती कमी मर्यादा. हुकाचा हिशेब (८५० च्या १० टक्के म्हणजे ८५ किलो) वरच्या ११५ मध्ये बसतो, म्हणजे आपलं उदाहरण जमलं.

८५० हा भरलेला आकडा आहे. त्यातून संसार वजा करायचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे ६० लिटरची टाकी ६० किलो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर लोखंडासकट ३० किलोच्या आसपास जातो. १०० अँपिअरची लेड बॅटरी ३० च्या घरात. गाद्या, भांडी, शिधा, खुर्च्या, तंबूचं छत मिळून १०० सहज. झाले २२०. म्हणजे तुम्हाला मोकळी कॅरव्हॅन ६३० किलोच्या आतली हवी. बाजारात जाताना हा एकच आकडा डोक्यात ठेवा.

इशारा: घरच्या इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी आणि खिडकीचा एसी कॅरव्हॅनमध्ये बसवायचा मोह फार होतो. दोन्ही मिळून १०० किलोच्या वर जातात, आणि तेही बहुधा मागच्या भिंतीला. पाचगणीला एसी लागत नाही.

## टप्पा ४: कोण कुठे झोपणार ते कागदावर काढा

६३० किलोत १२-१३ फुटांची, एका एक्सलची कॅरव्हॅन बसते. तिच्यात दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं झोपतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर सहा जणांना आत कोंबू नका. आजी-आजोबांना आत पलंग, बाकीच्यांना बाजूला छताखाली तंबू, ही मांडणी हलकी आणि सुखाची. आजींसाठी पायरीची उंची मोजा आणि दाराला धरायला दांडा आहे का बघा. आतल्या शौचालयापेक्षा सुटा कमोड हलका आणि धुवायला सोपा.

'थोडी मोठी घेऊ, पाहुणे आले तर' हा विचार घराला ठीक आहे, कॅरव्हॅनला नाही. लांबी दोन फुटांनी वाढली की वजन शंभर-दीडशे किलोंनी वाढतं.

## टप्पा ५: कागद फोनवरच मागवा

बघायला जाण्याआधी आरसीचा फोटो मागवा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहन आहे आणि त्याला स्वतंत्र नोंदणी लागते. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर बिगर-वाहतूक वर्गात येतो. बिगर-वाहतूक वाहनाची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. जुनी कॅरव्हॅन म्हटल्यावर ही तारीख सगळ्यात आधी बघा.

फोनवर विचारायचं:

- आरसी ट्रेलर म्हणूनच आहे ना? कुणाच्या नावावर? कर्जाचा बोजा आहे का? असेल तर फॉर्म ३५ लागेल.
- चेसिस नंबर कोरलेला आहे आणि वाचता येतो का?
- दुसऱ्या आरटीओची आहे का? तुमच्या आरटीओच्या (साताऱ्याचा एमएच-११, कराडचा एमएच-५०, सांगलीचा एमएच-१०) बाहेरची असेल तर ना-हरकत (फॉर्म २८) कोण आणणार? हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० वर सही करायला मालक स्वतः येणार का?

इशारा: 'कागद नंतर करून देतो' हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा. बिनकागदाच्या कॅरव्हॅनला विमा मिळत नाही, आणि अपघात झाला तर भरपाई तुमच्या घरावर येते.

हूक बसवण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन लेखी विचारा. गाडीत बदल म्हणून नोंद लागते का, कोणत्या मान्यतेचा हूक चालतो, हे तिथूनच कळू द्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि ट्रेलरची नोंद पॉलिसीवर करून घ्या. फोनवरच्या 'हो सर, चालेल' ला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

## टप्पा ६: आता बघायला जा, पण पडदे बघू नका

सोबत टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, जॅक, हातमोजे, टेप आणि न्हाणीघरात ठेवतात तो वजनाचा काटा न्या. भर दुपारी जा. विक्रेत्याला आधीच सांगा की दारं-खिडक्या बंद ठेवा. उन्हात तापलेल्या बंद कॅरव्हॅनचं दार उघडल्यावर पहिला श्वास घ्या. ओलसर, कुबट वास आला तर भिंतीत पाणी आहे. अगरबत्ती लावून ठेवलेली असेल तर जास्तच बारकाईने बघा.

६.१ ती कुठे उभी होती? हा प्रश्न किमतीपेक्षा महत्त्वाचा. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पावसात उघड्यावर काढलेली चार वर्षं लाकडी सांगाडा कुजवतात. माण-खटाव किंवा आटपाडी-जतच्या उन्हात उभी असलेली कॅरव्हॅन आतून कोरडी असते, पण तिच्या खिडक्यांचं रबर आणि सांध्यांचं सिलिकॉन तडकलेलं असतं. दुसरा दोष दुरुस्त होतो. पहिला बहुतेक वेळा नाही.

६.२ बांधणी ओळखा. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन पद्धतीच्या कॅरव्हॅनला बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि प्लायवुड असतं. दिसायला सुंदर, पण पत्रा चकाकत असताना आतलं लाकूड भुसा झालेलं असू शकतं. फायबरच्या दोन अर्ध्या कवचांची, मधोमध कमरेला जोडलेली कॅरव्हॅन मिळाली तर ती पहिली पसंती. सांधे कमी, गळती कमी, वजन कमी. तिसरा प्रकार इथल्या फॅब्रिकेटरने बनवलेली. तिची बांधणी चांगली असू शकते, पण उसाची ट्रॉली बनवणाऱ्या हाताला जाड अँगल वापरायची सवय असते. अशी १२ फुटी कॅरव्हॅन मोकळीच ९०० किलो भरली तर आश्चर्य मानू नका.

परदेशातून आलेली असेल तर दार बघा. अमेरिकन कॅरव्हॅनचं दार उजव्या बाजूला असतं. आपण डावीकडून चालतो, म्हणजे मुलं थेट रहदारीत उतरणार. ब्रिटिश कॅरव्हॅनचं दार डावीकडे, ते आपल्याला सोयीचं. अमेरिकन वायरिंग १२० व्होल्टचं असतं, ते आपल्या २३० व्होल्टला जोडायचं नाही, बदलायचं.

६.३ ओल शोधा. छताचे चारही कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, छतावरच्या झरोक्याभोवती, आणि चाकाच्या कमानीच्या आत अंगठा दाबा. भिंत आत गेली, फुगलेली लागली किंवा कागद सुटलेला दिसला तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक आतल्या कपाटात, न दिसणाऱ्या जागी टोचा. सुक्या लाकडात ते अडतं, कुजलेल्यात रुततं. दाराशी आणि पलंगाखाली जमिनीवर टाच दाबत चाला. फायबरवर नाण्याने टकटक करत जा. आवाज बद्द झाला तिथे थर सुटलेला आहे.

मग पाण्याची नळी मागा. खालून वर जात, एका बाजूला दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि एकाने आत टॉर्च घेऊन बसा. एकदम छतावर पाणी ओतलं तर गळती कुठली ते कळत नाही. या मागणीला नकार मिळाला तर उत्तर मिळालंच.

६.४ खाली शिरा. जमिनीवर झोपून चेसिस बघा. स्प्रिंगच्या पाट्यांच्या आधाराजवळ, दांडी चेसिसला मिळते तिथे आणि वेल्डिंगच्या टोकांना केसासारख्या भेगा पडतात. ताजा काळा रंग फासलेला असेल तर तो तिथेच खरवडा. वरवरचा गंज चालतो. पापुद्रे निघणारा गंज नाही. दांडी कुठे वाकून पुन्हा सरळ केलेली दिसली तर परत या.

६.५ चाकं आणि बेअरिंग. जॅकवर एक बाजू उचला, चाकामागे दगड लावून. चाक फिरवा, खरखर ऐका. वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर बेअरिंग गेलंय किंवा सैल आहे. टायरची नक्षी बघून खूश होऊ नका. उभ्या कॅरव्हॅनचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचे टायर बदलायचेच, आणि ते पैसे सौद्यातून कापा. टायरवरचा भारांक वाचा: ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६०. एका एक्सलच्या ८५० किलोच्या कॅरव्हॅनला ८२ चे दोन टायर हिशेबात बसतात, पण काठावर. ८८ घ्या.

६.६ गॅस. जुना रबरी पाइप आणि रेग्युलेटर न बघता बदला. महत्त्वाचं म्हणजे जमिनीलगत हवेचा झरोका उघडा आहे का. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. थंडी वाजते म्हणून तो झरोका पट्टीने बंद केलेल्या कॅरव्हॅन असतात.

## टप्पा ७: विक्रेत्याचा आकडा सोडा, काट्याचा घ्या

'दादा, एकदम हलकी आहे, दोघांत ढकलली जाते.' हे खरंही असेल, पण त्याने वजन कळत नाही. फरशीसारख्या सपाट जागेवर ८०० किलोची कॅरव्हॅन ढकलायला दहा-पंधरा किलोचा जोर पुरतो. बाराशे किलोचीही दोघांत ढकलली जाईल.

विक्रेत्याच्या गाडीला जोडून ती वजनकाट्यावर आणायला सांगा आणि तीन वजनं घ्या:

१. गाडी एकटी, कॅरव्हॅन न जोडता.

२. दोन्ही जोडलेली, सगळी चाकं काट्यावर.

३. जोडलेलीच, पण फक्त गाडीची चाकं काट्यावर, कॅरव्हॅनची खाली.

दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की कॅरव्हॅनचं एकूण वजन. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की हुकावरचा भार. ट्रकचे काटे दहा-वीस किलोंच्या पायरीने वजन दाखवतात, म्हणून हुकाचा भार घरच्या काट्यावर पुन्हा मोजा: कॅरव्हॅन सपाट जागी, चाकांना अडथळा, दांडीच्या टोकाखाली हुकाच्या उंचीइतका लाकडी ठोकळा, आणि ठोकळ्याखाली काटा. काट्याची क्षमता आधी बघा.

मागे जड भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरचा हूक कशी वर उचलते ते आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. कॅरव्हॅनचंही तसंच. मागे वजन जास्त आणि हुकावर कमी, की ती वेगात शेपटीसारखी डोलायला लागते. पाण्याची टाकी एक्सलच्या मागे असेल तर रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळी भार मोजा. टाकी भरल्यावर भार १० टक्क्यांखाली गेला तर टाकी हलवावी लागेल किंवा रिकामीच घेऊन जावं लागेल. मुक्कामाला पाणी मिळतं.

तपासणी: मोकळं वजन तुमच्या वहीतल्या आकड्याच्या वर आहे? पन्नास किलोसुद्धा? सोडून द्या. जुन्या कॅरव्हॅनचं वजन पुढे वाढतच जातं, कमी होत नाही.

## टप्पा ८: जोडणी, ब्रेक, दिवे

हुकाचा बॉल आणि कॅरव्हॅनचा कपलर (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) एकाच मापाचे हवेत. युरोपीय माप ५० मिलिमीटर, अमेरिकन दोन इंची म्हणजे ५०.८. डोळ्यांना फरक दिसत नाही. ५० चा कपलर ५०.८ च्या बॉलवर नीट बंद होत नाही, आणि दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर खुळखुळतो. कपलर बंद केल्यावर जॅकने दांडी वर उचलून बघा. गाडीची मागची बाजू बरोबर उचलली गेली तरच जोडणी झाली.

उंची बघा. भरलेल्या गाडीमागे कॅरव्हॅन सपाट किंवा किंचित नाक खाली अशी उभी राहावी. उंच एसयूव्हीमागे जुन्या कॅरव्हॅनचं नाक आकाशाकडे जातं आणि वजन मागे सरकतं. त्यासाठी बॉलची पट्टी खाली उतरवलेली मिळते. कॅरव्हॅनच्या दांडीखाली लोखंड जोडून उंची साधायची नाही.

ब्रेकबद्दल माझं मत ठाम आहे. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. घाटात राहणाऱ्या माणसाने ५०० च्या वर तरी बिनब्रेकची घेऊ नये. जुन्या कॅरव्हॅनला बहुधा ढकल ब्रेक असतात: गाडी मंदावली की कॅरव्हॅन पुढे ढकलते आणि त्या ढकलण्यानेच तिचे ब्रेक लागतात. यात दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, रिव्हर्स घेतानाही हे ब्रेक लागतात, म्हणून जुन्या कपलरवर ते अडवायचा खटका असतो. रिव्हर्स झाल्यावर खटका काढला नाही तर ब्रेकच नाहीत. दोन, लांब उतारावर कॅरव्हॅन सतत ढकलत राहते आणि ड्रम तापतात.

सुरक्षा साखळ्या दोन, कपलरखालून फुलीसारख्या. कॅरव्हॅन सुटली तर आपोआप ब्रेक ओढणारी तार असेल तर ती हुकाच्या चौकटीला अडकवा, बॉलला नाही. सात पिनी सॉकेट जोडून दोन्ही इंडिकेटर, ब्रेक आणि मागचे दिवे एकाने मागे उभं राहून बघायचे. एक लावला की दुसरा मिणमिणतो, असं झालं तर अर्थिंग गंजलेलं आहे. गाडीचा नंबर कॅरव्हॅनच्या मागेही लावावा लागतो.

## टप्पा ९: दुरुस्ती करा, लोखंड वाढवू नका

सौदा झाल्यावर पहिल्या महिन्यात हे करा, याच क्रमाने: बेअरिंग उघडून नवं ग्रीस, टायर, ब्रेक लायनर आणि तारा, मग छताचे सांधे. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडल्याशिवाय वर नवं ओढू नका, ते पहिल्याच पावसात सुटतं. आतली सजावट सगळ्यात शेवटी.

वेल्डिंगला देताना 'मजबूत करून द्या' असं म्हणू नका. भेग पडलेली जागा दाखवा आणि तेवढीच करायला सांगा, समोर उभे राहा. आत कपाटं बनवताना १९ मिलिमीटरचा प्लाय नको, हलका पातळ प्लाय पुरतो. ग्रॅनाइटचा ओटा नको. प्रत्येक कामानंतर एकदा काट्यावर जा, पावती वहीत.

## टप्पा १०: पहिली फेरी

सामान भरताना जड वस्तू खाली आणि एक्सलच्या आसपास, थोड्या पुढे. वरच्या कपाटात फक्त अंथरूण-पांघरूण. चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नाही, झोपलेलं मूलही नाही. सिलिंडर बंद.

पहिल्या दिवशी घाट नाही. कोरेगाव-रहिमतपूर बाजूच्या बऱ्यापैकी सपाट रस्त्यावर सकाळी लवकर निघा. ताशी ६० च्या वर जाऊ नका. रिकाम्या मैदानात रिव्हर्सचा सराव करा: स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरा आणि ज्या बाजूला कॅरव्हॅनची शेपटी हवी त्या बाजूला हात न्या. उसाच्या जोडट्रॉलीला ओव्हरटेक करायचा असेल तर नेहमीच्या दुपटीहून जास्त मोकळा रस्ता लागतो. नसेल तर मागेच राहा.

दुसऱ्या फेरीला वारा अनुभवा. चाळकेवाडी, ठोसेघरच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत. आडवा वारा १२ फुटी भिंतीला लागला की कॅरव्हॅन डोलते. डोलायला लागली तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. मग थांबून हुकावरचा भार पुन्हा बघा, कारण नीट भरलेली कॅरव्हॅन सहसा डोलत नाही.

घाट तिसऱ्या फेरीला. उतरताना सुरुवातीलाच खालचा गिअर टाका, ज्यात चढला असता तोच. ब्रेक थोडा वेळ दाबून सोडा, सतत पाय ठेवू नका. मध्ये रुंद जागा दिसली की थांबा आणि कॅरव्हॅनच्या दोन्ही हबजवळ हात न्या. एक गरम आणि दुसरा गार असेल तर ब्रेकची तार बिघडलीय किंवा बेअरिंग बसतंय. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडकतो.

चाकाचे नट पहिल्या ५० किलोमीटरनंतर आणि पुन्हा १०० नंतर आवळा. नवीन रंगावर बसवलेली चाकं हमखास सैल होतात.